रजेत मावणारे दोन खंड : अलास्का ते उश्वाया या मोटारसायकल प्रवासाचे नियोजन

अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळील डेडहॉर्स या तेलउद्योगाच्या वसाहतीपासून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उश्वाया शहरापर्यंत मोटारसायकलने जाणे, हा लांब पल्ल्याच्या चालकांना अनेक दशके खुणावणारा प्रवास आहे. निवडलेल्या वाटेनुसार हे अंतर २२ ते २५ हजार किलोमीटर भरते आणि त्यात उत्तर व दक्षिण अमेरिकेतील १४ देश लागतात. या देशांना जोडणाऱ्या महामार्गाची कल्पना १९२३ साली चिलीची राजधानी सँतियागो येथे भरलेल्या अमेरिकी राष्ट्रांच्या परिषदेत मांडली गेली, १९३७ साली तिला कराराचे रूप आले आणि आज पॅन-अमेरिकन महामार्ग या नावाने ओळखले जाणारे रस्त्यांचे जाळे त्यातून हळूहळू उभे राहिले. वर्ष-दोन वर्षे हाताशी असलेला प्रवासी हा मार्ग सावकाश पार करतो. नोकरी करणाऱ्याला मात्र तो मोजक्या आठवड्यांच्या रजेत बसवावा लागतो, आणि म्हणूनच त्याच्यापुढचा प्रश्न मुळात वेगळा असतो.

हा प्रश्न रजेपासूनच सुरू होतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस याप्रमाणे भरपगारी रजा मिळते आणि ती जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. वर्षभर नियमित काम करणाऱ्याच्या खात्यावर या हिशेबाने सुमारे १४ दिवस जमा होतात, म्हणजे ४५ दिवसांचा साठा व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा असते व ती ३०० दिवसांपर्यंत साठते, त्यामुळे त्यांची अडचण दिवसांच्या संख्येपेक्षा एकाच वेळी इतकी रजा मंजूर होण्याची असते. रजेच्या मधे येणाऱ्या साप्ताहिक सुट्ट्या रजेत धरल्या जातात की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आस्थापनेच्या नियमांत पाहून घ्यायला हवे, कारण त्यावर आठवडाभराचा फरक पडतो. एकूण पाहता सर्वसामान्य नोकरदाराला अशा प्रवासासाठी जास्तीत जास्त सात आठवडे मिळू शकतात, असे धरून चालणे व्यवहार्य आहे.

सात आठवड्यांत दोन खंड पार करायचे म्हणजे मोटारसायकल भरधाव चालवावी लागेल, असा समज सहज होतो, परंतु आकडेमोड वेगळे सांगते. अमेरिकेतील आयर्न बट असोसिएशन ही लांब पल्ल्याच्या मोटारसायकलस्वारांची संघटना २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर, पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र देते. हे अंतर २४ तासांत विभागले तर सरासरी ताशी ६७ किलोमीटर इतकीच येते. म्हणजे या कसोटीत कठीण असते ते न थांबता चालत राहणे. येथे दोन सरासरींमधला भेद समजून घेतला पाहिजे. चाके फिरत असतानाची सरासरी ही चालती सरासरी, आणि सकाळी निघाल्यापासून संध्याकाळी मुक्कामी पोहोचेपर्यंतच्या सर्व वेळेवर काढलेली ती एकूण सरासरी. ८०० किलोमीटरच्या दिवसात ताशी १०० ऐवजी १२० च्या वेगाने गेल्यास ८० मिनिटे वाचतात, पण त्यासाठी इंधन अधिक जळते, वाऱ्याचा मारा वाढतो आणि दंडाची व अपघाताची शक्यताही वाढते. याउलट दिवसातून चार वेळा इंधनासाठी थांबताना प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे कमी घालवली, तर रोजचा एक तास वाचतो. ३५ दिवसांत ते ३५ तास होतात आणि रोज दहा तास चालवणाऱ्याच्या दृष्टीने ते साडेतीन दिवसांच्या बरोबरीचे असतात. वेगवान प्रवासाचे रहस्य थांबण्याच्या वेळा कमी करण्यात आहे, आणि त्यांतील सर्वांत मोठ्या वेळा रस्त्यावर नव्हे तर सीमांवर, मालवाहतूक कार्यालयांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत खर्च होतात.

याचे ठळक उदाहरण मोटारसायकलीचे नाही, पण मार्ग तोच आहे. १९८७ साली कॅनडाचे गॅरी सोवर्बी आणि अमेरिकी लेखक टिम केहिल यांनी एका ट्रकने दक्षिणेकडून उत्तरेकडे हा प्रवास २३ दिवस, २२ तास, ४३ मिनिटांत पूर्ण केला. त्याआधीचा मोठा काळ देशोदेशींचे कागद जमवण्यात, ओळखी करून घेण्यात आणि जहाजाची व्यवस्था लावण्यात गेला होता. शिवाय ट्रकमध्ये एक जण चालवत असताना दुसरा झोपू शकतो. एकट्या मोटारसायकलस्वाराला ती सोय नसते, त्यामुळे त्यांचे वेळापत्रक त्याने उचलणे धोक्याचे ठरेल. त्यांच्या पूर्वतयारीचा धडा मात्र त्याने नक्कीच घ्यावा.

रजेनंतर विचार करावा लागतो तो ऋतूंचा, आणि घाईच्या प्रवासातली सर्वांत मोठी अडचण येथेच दडलेली आहे. डेडहॉर्सकडे जाणारा डाल्टन महामार्ग सुमारे ६६६ किलोमीटर लांबीचा व बहुतांश खडीचा असून दुचाकीसाठी तो जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतच बरा असतो. सप्टेंबरात तेथे बर्फ पडू लागतो. उश्वायाला जाण्याचा योग्य काळ दक्षिण गोलार्धातील उन्हाळा, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, हा होय. सावकाश जाणारा प्रवासी ऑगस्टात अलास्का सोडून डिसेंबरात उश्वायाला पोहोचतो आणि दोन्ही टोकांवर त्याला उन्हाळाच मिळतो. पाच-सहा आठवड्यांत सलग जाणाऱ्याला हे शक्य नसते, कारण ऋतू तेवढ्या काळात पालटत नाही. तो ऑगस्टच्या मध्यात निघाला तर सप्टेंबरअखेर पातागोनियात पोहोचतो, जेव्हा तेथे अजून थंडी असते आणि उश्वायाच्या अलीकडील गारिबाल्दी खिंडीत रस्त्यावर बर्फ असू शकते. उलट दिशेने मार्चमध्ये उश्वायाहून निघणारा मे महिन्यात अलास्कात पोहोचतो, तेव्हा डाल्टन महामार्ग वितळत्या बर्फाच्या चिखलात असतो. म्हणजे सलग आणि वेगवान प्रवासात एका टोकाचे हवामान जवळजवळ हमखास प्रतिकूल मिळते.

या अडचणीचे उत्तर मार्गातील दुसऱ्या एका अडचणीत सापडते. पनामातील याविसा या गावापाशी महामार्ग संपतो आणि कोलंबियात तो पुन्हा सुरू होतो. मधल्या सुमारे १०० किलोमीटरच्या दलदलीच्या व घनदाट जंगलाच्या पट्ट्याला दारियेन गॅप म्हणतात. हा रस्ता पूर्ण न होण्यामागे बांधकामाचा खर्च, तेथील आदिवासी समाजांचे हक्क, १९८१ पासून जागतिक वारसा यादीत असलेले दारियेन राष्ट्रीय उद्यान आणि दक्षिण अमेरिकेतील गुरांचा लाळ्या-खुरकूत हा रोग उत्तरेकडे पसरण्याची भीती, अशी अनेक कारणे आहेत. अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेले एड कल्बरसन यांनी १९८६ मध्ये मोटारसायकल घेऊन हा पट्टा ओलांडला होता, पण तो त्यांच्या प्रवासातला स्वतंत्र आणि अत्यंत कष्टाचा अध्याय होता. बाकी सर्वांना मोटारसायकल पनामाहून कोलंबियाला विमानाने किंवा जहाजाच्या कंटेनरमधून पाठवावी लागते. विमानाने पाठवल्यास कागदपत्रांसह काही दिवस लागतात, तर कंटेनरला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ जाऊ शकतो. त्यामुळे खर्च अधिक असूनही रजेवर असलेल्याला विमानच परवडते.

रस्ता जेथे तुटतो तेथेच प्रवासही तोडावा, हा यातून निघणारा निष्कर्ष आहे. पहिला टप्पा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डेडहॉर्सहून निघून महिनाअखेर पनामात संपवावा. हे अंतर सुमारे १२ हजार किलोमीटर आहे. त्यानंतर चालकाने घरी परतून कामावर रुजू व्हावे आणि नोव्हेंबरच्या मध्यात बोगोटाहून सुमारे १० हजार किलोमीटरचा दुसरा टप्पा सुरू करून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उश्वायाला पोहोचावे. प्रत्येक टप्प्याला १९-२० दिवस चालवण्याचे, तीन दिवस राखीव आणि दोन दिवस विमानप्रवासाचे धरले, तर एका वेळी साडेतीन आठवड्यांची रजा पुरते, आणि सात आठवड्यांच्या एका अर्जापेक्षा असे दोन अर्ज मंजूर होणे कितीतरी सोपे असते. या मांडणीत आणखी एक लाभ आहे. ऑगस्टच्या आरंभी अलास्कात आणि डिसेंबरात उश्वायात दिवसाचा उजेड सुमारे १७ तास असतो, तर विषुववृत्ताजवळ तो वर्षभर १२ तासांच्या आसपासच राहतो. लांब दिवस दोन्ही टोकांवर मिळाले, तर मधल्या भागात अंधार पडल्यावर न चालवण्याचा नियम पाळणे शक्य होते. मेक्सिको व मध्य अमेरिकेत रात्री रस्त्यावर मोकाट जनावरे आणि पूर्वसूचनेशिवाय येणारे उंच गतिरोधक यांमुळे हा नियम सुरक्षिततेसाठी आवश्यक मानला जातो.

दोन टप्प्यांच्या मधल्या काळात मोटारसायकल कोठे ठेवायची, हा कायद्याचा प्रश्न आहे. परदेशी वाहनाला प्रत्येक देश तात्पुरत्या आयातीचा परवाना देतो. ठरलेल्या मुदतीत वाहन देशाबाहेर नेण्याच्या अटीवर त्यावर आयातशुल्क माफ असते. मेक्सिकोत मोटारसायकलसाठी ही मुदत सामान्यतः १८० दिवस असते आणि त्यासाठी भरलेली अनामत रक्कम मुदत उलटल्यास जप्त होते. अर्जेंटिनात पर्यटकाच्या वाहनाला आठ महिने मिळतात, तर कोलंबियात साधारण ९० दिवस. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरमध्य हे अंतर अडीच महिन्यांचे असल्याने विरामाच्या काळापुरती कोलंबियाची ही मुदत पुरते, परंतु दुसऱ्या टप्प्यात कोलंबियातून बाहेर पडण्याची तारीखही त्याच मुदतीत बसते ना, हे मोजून पाहिले पाहिजे. काही देशांत वाहनाची नोंद चालकाच्या पासपोर्टाशी जोडलेली असते आणि वाहन मागे ठेवून देश सोडण्यासाठी ते सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालील गोदामात जमा करावे लागते. या अटी बदलत असतात, म्हणून त्या विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी तपासायच्या असतात.

डेडहॉर्स ते उश्वाया या वाटेवर जमिनीवरील १५ सीमा ओलांडाव्या लागतात. अमेरिका व कॅनडा यांच्यातील ओलांडणी मिनिटांत होते, पण मध्य अमेरिकेत सुमारे अडीच हजार किलोमीटरच्या पट्ट्यात सहा सीमा येतात आणि तेथे एका देशातून वाहन रद्द करून दुसऱ्यात नोंदवण्यास काही वेळा अर्धा दिवस जातो. तिएरा देल फुएगो या बेटावर जाताना तर अर्जेंटिनातून चिलीत, मॅजेलनच्या सामुद्रधुनीतून फेरीबोटीने पलीकडे आणि पुन्हा अर्जेंटिनात, असा फेरा पडतो. जोराचा वारा सुटला की फेरी थांबते. यासाठी पासपोर्ट, वाहनाची नोंदणी, परवाना व विमा यांच्या प्रत्येकी डझनभर छायाप्रती सोबत असाव्यात, सीमेवर सकाळी कार्यालय उघडताच पोहोचावे आणि एका दिवसात एकापेक्षा अधिक सीमा शक्यतो धरू नये.

म्हणूनच रोजचे अंतर सर्वत्र सारखे ठरवणे चुकीचे आहे. कॅनडा व अमेरिकेतील सरळ, रुंद रस्त्यांवर ८०० किलोमीटरचा दिवस शक्य असतो. मेक्सिकोत ६०० पुरेसे मानावेत. मध्य अमेरिकेत एक सीमा आणि ३०० ते ३५० किलोमीटर एवढेच धरावे. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया व इक्वाडोरच्या डोंगराळ रस्त्यांवर गती पुन्हा मंदावते, तर पेरूच्या किनारी वाळवंटातून व चिलीच्या आताकामातून ७०० किलोमीटर सहज होतात. पेरूतील पर्वतरांगांत ४,८०० मीटरपर्यंत जाणारे रस्ते आहेत, पण तेथे प्राणवायू विरळ असल्याने शरीराला जुळवून घेण्यास वेळ द्यावा लागतो, आणि घाईच्या प्रवासात तो वेळ नसतो. म्हणून किनाऱ्याचा रस्ता धरून अँडीज पर्वत चिलीच्या मध्यभागातील सुमारे ३,२०० मीटर उंचीच्या बोगद्यातून ओलांडणे अधिक शहाणपणाचे.

भारतीय नागरिकाला आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालय देते आणि तो एक वर्ष चालतो, त्यामुळे दोन्ही टप्पे त्या वर्षात बसले पाहिजेत. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोसह मार्गावरील काही देशांत वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. म्हणून अमेरिकेचा व्हिसा हा या योजनेचा पहिला कागद होय. भारतात नोंदलेली मोटारसायकल परदेशी नेणाऱ्यांना मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून कार्ने मिळवता येतो. कार्ने म्हणजे वाहन ठरलेल्या काळात बाहेर काढले जाईल अशी सीमाशुल्क खात्यांना दिलेली हमी. अमेरिका खंडांतील बहुतेक देश त्याची सक्ती करत नाहीत, मात्र परतताना भारतातील सीमाशुल्काच्या दृष्टीने तो उपयोगी पडतो. पनामा, कोलंबिया, पेरू अशा देशांतून भारतात परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असली पाहिजे. सोमवारी कामावर हजर व्हायचे असलेल्या माणसाला हे सहा दिवस किती महाग पडतील, हे वेगळे सांगायला नको. प्रवास विम्याच्या पॉलिसीत मोठ्या इंजिनच्या मोटारसायकलीवरील अपघात वगळलेला नाही, याचीही लेखी खात्री करून घ्यावी.

कागदांइतकेच महत्त्व शरीराला आहे. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते आणि २४ तास जागरणानंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते, असे झोपेवरील संशोधनातून दिसून आले आहे. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतरचे दोन तास या वेळी शरीराची सतर्कता निसर्गतःच कमी होते. युरोपीय संघाने व्यावसायिक चालकांसाठी दिवसाला सामान्यतः नऊ तास, आठवड्याला ५६ तास आणि दर साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती अशी मर्यादा घातली आहे. ऊन, पाऊस आणि वारा अंगावर घेणाऱ्या मोटारसायकलस्वाराने ती आपली कमाल मर्यादा मानावी. झोप येऊ लागल्यास १५-२० मिनिटांची डुलकी घेणे, पाणी थोडे थोडे सतत पिणे आणि हेल्मेटमधील वाऱ्याच्या आवाजापासून बचावासाठी कानांत बोळे घालणे, या साध्या उपायांचा परिणाम तिसऱ्या आठवड्यात स्पष्ट दिसतो, कारण थकवा दिवसागणिक साठत जातो. राखीव दिवस म्हणूनच बिघाडासाठी जितके, तितकेच झोपेसाठी असतात.

यंत्राची योजनाही टप्प्यांशी जुळवता येते. मागचा टायर वापरानुसार आठ ते बारा हजार किलोमीटर टिकतो, इंजिन ऑइल मोठ्या मोटारसायकलींत साधारण दहा हजार किलोमीटरला बदलावे लागते, आणि चेनला दर पाचशे-सातशे किलोमीटरला ऑइल द्यावे लागते. त्यामुळे नवे टायर, ब्रेक पॅड, चेन व स्प्रॉकेट यांचे काम नेमके दोन टप्प्यांच्या मधल्या विरामात येते. सुटे भाग आधीच मागवून ठेवले तर रजेचा एकही दिवस त्यात जात नाही. टाकीची क्षमता ठरवताना डाल्टन महामार्गावरील कोल्डफुट ते डेडहॉर्स हे सुमारे ३८५ किलोमीटरचे इंधनविरहित अंतर प्रमाण मानावे. डेडहॉर्सला जाऊन परत दक्षिणेकडे वळायचे असल्याने हे अंतर दोनदा पार करावे लागते.

राहता राहिले काम. प्रवासाच्या दिवसांत दुरून काम करत राहण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु भारतीय वेळ उन्हाळ्यात अलास्काच्या साडेतेरा तास आणि उश्वायाच्या साडेआठ तास पुढे असते, म्हणजे मुंबई-पुण्यातील कार्यालयीन वेळ तेथे नेमकी रात्रीची झोप खाते. दिवसभर मोटारसायकल चालवून रात्री बैठकांना हजर राहणारा माणूस दोन्ही कामे धोक्यात घालतो. म्हणून जबाबदाऱ्या निघण्यापूर्वी लेखी सोपवाव्यात, आणीबाणीचा संपर्क एकाच व्यक्तीमार्फत ठेवावा आणि उतरल्यानंतर रुजू होण्यापूर्वी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत. वेळ मागे पडली तर कोठून परतायचे, तेही आधीच ठरवून ठेवावे. दुसऱ्या टप्प्यात सँतियागो हे असे ठिकाण आहे, जेथे प्रवास थांबवून तो पुढच्या वर्षावर टाकता येतो.

टेड सायमन या ब्रिटिश पत्रकाराने १९७३ ते १९७७ अशी चार वर्षे घेऊन मोटारसायकलने जगाची फेरी केली, आणि त्या प्रवासाचे मोल वेगळेच आहे. ज्याला चार वर्षे मिळणार नाहीत त्याने दोन खंडांचे स्वप्न सोडून देण्याचे कारण नाही; त्याने फक्त क्रम पाळावा. आधी रजा, मग ऋतू, मग कागद, मग शरीर आणि सर्वांत शेवटी यंत्राचा वेग, या क्रमाने विचार करणाऱ्याला सुमारे २२ हजार किलोमीटर वर्षभरातल्या दोन रजांत सुरक्षितपणे पार करता येतात. हा क्रम उलटा करून आधी मोटारसायकल घेणाऱ्या आणि कागद शेवटी पाहणाऱ्या चालकाची रजा मात्र बहुधा सीमेवरच्या रांगेत संपते. म्हणून या वाटेवर जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने पहिले पाऊल म्हणून आपल्या खात्यावरील शिल्लक रजा मोजावी आणि निघण्याच्या किमान एक वर्ष आधी तयारीला लागावे.